समष्टीची ईहा आणि रे रोडचा फूटपाथ : एका न्यायनिर्णयाचे परीक्षण

१

राज्यशास्त्राच्या मराठी विवेचनात रूसोच्या मध्यवर्ती कल्पनेसाठी ‘सामान्य इच्छा’, ‘सामूहिक इच्छा’, ‘लोकेच्छा’ असे निरनिराळे प्रतिशब्द वापरले जातात. प्रस्तुत लेखात ‘समष्टीची ईहा’ असा शब्दप्रयोग केला आहे, तो केवळ नावीन्यासाठी नव्हे. इच्छा मनात उत्पन्न होते आणि मनातच विरूनही जाऊ शकते. ‘ईह्’ या धातूत मात्र प्रयत्नाचा अर्थ अंतर्भूत आहे. रूसोला अभिप्रेत असलेली गोष्ट म्हणजे लोकांच्या मनातील वासनांची बेरीज नव्हे. लोकांनी एकत्र येऊन, सर्वांचे हित कशात आहे याचा विचार करून, स्वतःच स्वतःवर बंधन घालून घ्यावयाचे, अशी ती एक क्रिया आहे. ज्याला या क्रियेत स्थानच मिळाले नाही, परंतु तिचे बंधन ज्याच्यावर पडले, त्याच्या बाबतीत ती ‘त्याचीही’ ईहा होय असे म्हणता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न तात्त्विक आहे. परंतु तो केवळ ग्रंथांच्या आधारे सोडवू गेल्यास शब्दांच्या जाळ्यात अडकण्याचा धोका असतो. म्हणून त्याच्या परीक्षणासाठी मुंबईतील एका रस्त्याचे उदाहरण घेतले आहे. माझगावहून कॉटन ग्रीनच्या दिशेने बंदराच्या जमिनीलगत जाणारा रे रोड हा तो रस्ता. हार्बर रेल्वेचा प्रारंभ १९१० साली झाला तेव्हा कुर्ल्याहून येणाऱ्या गाड्यांचे ते शेवटचे स्थानक होते. बंदरातील वखारी, लोखंडाची व लाकडाची गोदामे आणि जहाजे मोडण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध झालेला दारूखाना यांच्या सान्निध्यात कामासाठी आलेली माणसे येथील फूटपाथवर, भिंतींना टेकून झोपड्या बांधून, अनेक दशके राहिली.

या रस्त्याला दोन नावे आहेत. जुने नाव १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे. नवे नाव बॅरिस्टर नाथ पै यांचे. फूटपाथवरील झोपडी ज्या कायद्याने हटविली जाते तो मुंबई महानगरपालिकेचा कायदा लॉर्ड रे यांच्या कारकीर्दीत, १८८८ साली झाला. आणि ‘लोकांची ईहा अंतिमतः कोठे वसते?’ हा वाद स्वतंत्र भारताच्या संसदेत एका विधेयकाच्या रूपाने उभा केला तो नाथ पै यांनी. हा योगायोगच होय. तथापि विवेचनाच्या सोयीसाठी त्याचा उपयोग करून घेण्यास हरकत नसावी.

२

रूसोचा ‘सामाजिक करार’ हा ग्रंथ १७६२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्ताचे दोन भाग आपल्याकडील विवेचनात पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात. समष्टीच्या ईहेला ‘सामान्यत्व’ येण्यासाठी रूसो दोन अटी घालतो. कायदा सर्वांना लागू झाला पाहिजे, ही एक. आणि तो सर्वांपासून निघाला पाहिजे, ही दुसरी. पहिली अट व्याप्तीची आहे, दुसरी उगमाची. केवळ पहिली अट पुरी झाली तर जे मिळते ते कायद्याचे बाह्य रूप होय. श्रीमंताला व दरिद्र्याला सारखाच लागू होणारा, परंतु एकट्या श्रीमंताने केलेला नियम रूसोच्या कसोटीला उतरत नाही.

१८८८ च्या कायद्याकडे या दृष्टीने पाहावे. मुंबईच्या स्थानिक स्वराज्याचा तो पाया होय, आणि तो घडविण्यात फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यासारख्या विचारवंतांचा वाटा होता. त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण त्या कायद्याने निर्माण झालेल्या ७२ सभासदांच्या सभेची रचना पाहिली म्हणजे ‘नागरिक’ या शब्दाने तेव्हा कोण अभिप्रेत होते हे स्पष्ट होते. ३६ सभासद करदात्यांनी निवडावयाचे, १६ जस्टिस ऑफ दि पीस यांनी, प्रत्येकी दोन विद्यापीठाच्या फेलोंनी व चेंबर ऑफ कॉमर्सने, आणि उरलेले १६ सरकारने नेमावयाचे. गोदीत ओझी वाहणारा हमाल या यादीत कोठेच नाही. रस्त्यावरील अडथळ्यांसंबंधीची ३१२ ते ३१४ ही कलमे याच कायद्यात आहेत. कलम ३१४ नुसार असे अडथळे पूर्वसूचना न देता हटविण्याचा अधिकार आयुक्ताला मिळाला.

प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर मुंबई महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. म्हणजे हा नियम साठ वर्षे अशा लोकांवर चालला की ज्यांना तो बदलण्याचा अधिकार नव्हता. यावर असा आक्षेप येईल की १९४८ नंतर, आणि विशेषतः १९५० नंतर, ही त्रुटी दूर झाली. आता फूटपाथवर राहणाऱ्यासही मत आहे, सबब जुना कायदा त्याच्याही मूक संमतीने चालतो. या आक्षेपाचा विचार पुढे करावयाचा आहे. येथे एवढेच नोंदवितो की रूसो स्वतःही या दोषापासून मुक्त नव्हता. त्याच्या जिनीव्हा नगरीत माणसांच्या चार, किंवा परकीयांना धरून पाच, श्रेणी होत्या आणि त्यांपैकी दोनच श्रेणींची मिळून प्रजासत्ता बनत असे. हे रूसोला ठाऊक होते. आपल्या ग्रंथातील एका टीपेत त्याने त्याचा उल्लेखही केला आहे. पण उरलेल्या श्रेणींचे काय, हा प्रश्न त्याने तेथे पुढे नेला नाही. समष्टीच्या ईहेचा सिद्धान्त ज्या नगरीच्या आदर्शावर उभा आहे त्या नगरीतही समष्टीच्या बाहेर ठेवलेले रहिवासी होते, ही गोष्ट या सिद्धान्ताच्या प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

३

आता दुसऱ्या नावाकडे वळू. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी १९६७ रोजी गोलकनाथ खटल्यात असा निर्णय दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी त्याच वर्षी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. मूलभूत हक्कांसह घटनेतील कोणत्याही तरतुदीत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार स्पष्ट करावा, हे त्याचे सार होते. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाली, पण नाथ पै यांच्या हयातीत ते संमत झाले नाही. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस चोविसाव्या घटनादुरुस्तीने त्या विधेयकाचा हेतू बव्हंशी साध्य केला. पुढे २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयाने ती दुरुस्ती वैध ठरविली, मात्र घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा संसदेवर घातली.

नाथ पै हे हुकूमशाही वृत्तीचे नव्हते. समाजवादी परंपरेतील ते एक निष्ठावंत लोकशाहीवादी होते. त्यांच्या भूमिकेतील लोकशाही आशय खरा आहे. एका पिढीने लिहिलेल्या शब्दांनी पुढील सर्व पिढ्यांचे हात कायमचे बांधले जाऊ नयेत, आणि त्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या मोजक्या न्यायाधीशांच्या हाती अंतिम सत्ता जाऊ नये, ही चिंता रूसोलाही मान्य झाली असती. सार्वभौम लोकांना बदलता येणार नाही असा कोणताही मूलभूत कायदा असू शकत नाही, असे तोही सांगतो.

परंतु येथेच एक पायरी गळते. रूसो जे ‘लोकां’विषयी म्हणतो ते नाथ पै यांच्या विधेयकात ‘संसदे’विषयी म्हटले जाते. रूसोच्या मते ईहेचे प्रतिनिधित्व होऊ शकत नाही. इंग्रज लोक फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात, असा त्याचा प्रसिद्ध उपहास आहे. तेव्हा संसदेची ईहा हीच समष्टीची ईहा, हे समीकरण रूसोच्या आधारे मांडता येत नाही. उलट बाजूने, न्यायालय हेच समष्टीच्या स्थायी ईहेचे रक्षक, हे समीकरणही त्याच्या आधारे मांडता येत नाही. गोलकनाथ व नाथ पै यांचा वाद समष्टीच्या वतीने कोणी बोलावे याविषयीचा होता. समष्टीत कोणाचा समावेश झाला आहे, हा प्रश्न त्या वादात दोन्ही पक्षांनी सुटलेलाच गृहीत धरला. तो सुटलेला नव्हता, हे दिसून येण्यास फार काळ लागला नाही.

४

जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी मुंबईतील फूटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात आलेल्या अर्जांवरील निर्णय ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने ओळखला जातो. अर्जदार रहिवासी रे रोडचे नव्हते. ते माहीमचा तुळशी पाइप रोड, कामराजनगर इत्यादी ठिकाणचे होते. पण निर्णयाचा नियम शहरातील सर्व फूटपाथांना लागू झाला. पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी १० जुलै १९८५ रोजी दिलेला हा निर्णय भारतीय घटनाशास्त्रात मानाचे स्थान मिळवून आहे. जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क समाविष्ट आहे, हे त्याने मान्य केले. फूटपाथवर झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही, अशी कबुली रहिवाशांनी पूर्वी उच्च न्यायालयात दिली होती. ती त्यांच्यावर बंधनकारक नाही, कारण मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, असेही त्याने ठरविले. या दोन्ही गोष्टींचे श्रेय निःसंकोच दिले पाहिजे.

तथापि प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने या निर्णयात तीन स्थळे अशी आहेत की तेथे थांबून परीक्षण केले पाहिजे.

पहिले स्थळ सार्वजनिक व खासगी या भेदाचे. फूटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे. सार्वजनिक जागा खासगी कामासाठी वापरण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणून कलम ३१४ अवाजवी नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद बाह्यतः रूसोच्या भाषेत सहज मांडता येतो : पादचाऱ्यांची ती समष्टीची ईहा आणि झोपडीची ती व्यक्तीची वासना. परंतु येथे केवळ व्याप्तीच्या सामान्यत्वाकडे लक्ष दिले गेले आहे, उगमाच्या सामान्यत्वाकडे नाही. रस्ता कशासाठी आहे हे ज्या सभेने ठरविले त्या सभेत कोण होते, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. शिवाय शहराने ज्याला काम दिले पण घर दिले नाही, त्याचे रात्री झोपणे हे ‘खासगी’ आणि त्याचे दिवसा ओझे वाहणे हे ‘सार्वजनिक’, अशी विभागणी करता येते काय, हेही तपासले पाहिजे. बंदर चालणे ही शहराची गरज असेल तर हमालाने बंदराजवळ असणे ही केवळ हमालाची गरज राहत नाही.

दुसरे स्थळ अधिक सूक्ष्म आहे. हे लोक गुन्हेगारी हेतूने अतिक्रमण करीत नाहीत, परिस्थितीने भाग पाडल्यामुळे करतात. त्यांचे कृत्य त्यांच्या इच्छेचे नाही, असे निर्णयात सहानुभूतीने म्हटले आहे. हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही. पण त्याच निर्णयात अन्यत्र असेही मान्य केले आहे की ही माणसे कामाच्या ठिकाणाजवळचा फूटपाथ निवडतात, कारण येण्याजाण्याचा वेळ व खर्च त्यांना परवडत नाही. निवड आहे म्हणजे विवेक आहे, हिशेब आहे. ती निवड संकुचित पर्यायांतून केलेली आहे, पण ती निवड आहे. न्यायालयाने या माणसांना दोषमुक्त करण्यासाठी त्यांची ईहाच त्यांच्यापासून काढून घेतली. करुणेचा हा नेहमीचा मार्ग आहे. ज्याला ईहा नाही त्याच्यावर दया करता येते. परंतु समष्टीची ईहा घडविण्याच्या कामी त्याला बोलाविण्याचे मग कारण उरत नाही.

तिसरे स्थळ निर्णायक आहे. कलम ३१४ मधील ‘सूचनेविना’ हा अधिकार ही आज्ञा नव्हे, सामान्यतः सूचना दिलीच पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. ज्याच्याविरुद्ध निर्णय व्हावयाचा त्याचे म्हणणे ऐकून घेण्याला स्वतःचे असे मूल्य आहे. त्यामुळे निकाल बदलो अथवा न बदलो, माणूस म्हणून त्याचा मान राखला जातो, हे तत्त्वही या निर्णयाने फार उत्तम रीतीने विशद केले आहे. एवढे झाल्यावर वाचकाची अशी अपेक्षा होते की प्रकरण आयुक्तांकडे परत जाईल आणि त्या रहिवाशांना ऐकून घेतले जाईल. तसे झाले नाही. आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्ही येथे पुरेपूर दिली आहे, तेव्हा आता वेगळ्या सुनावणीची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले. आणि १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे ज्यांच्यापाशी होती त्यांना पर्यायी जागा देण्याचे निर्देश देऊन, मात्र ती जागा मिळणे ही हटविण्याची पूर्वअट न करता, ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर झोपड्या हटविण्यास मुभा दिली.

सुनावणीचे मूल्य जर ऐकल्या जाणाऱ्या माणसाच्या मानात असेल, तर ती सुनावणी त्याच्या वतीने वकिलाने दिल्लीत केली असता पुरी कशी होते? मूल्य निकालाच्या अचूकपणात असते तर हे चालले असते. मूल्य सहभागात आहे असे एकदा म्हटल्यावर चालत नाही. ईहेचे प्रतिनिधित्व होत नाही हे रूसोचे म्हणणे अतिरेकी म्हणून आपण बाजूला सारतो. पण त्या अतिरेकात जो सत्यांश आहे तो नेमका येथे प्रत्ययास येतो.

५

मग मार्ग कोणता? कोट्यवधींच्या राष्ट्रात सर्वांनी एका मैदानात जमून कायदे करणे अशक्य आहे, आणि प्रतिनिधित्व सर्वस्वी त्याज्य मानले तर लोकशाहीच अशक्य होते. या पेचातून वाट काढणारा विचार आपल्याच शहरात, रूसोचा आधार न घेता, मांडला गेला होता. जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो मताधिकार समितीपुढे दिलेल्या साक्षीत डॉ. आंबेडकरांनी असे प्रतिपादन केले की लोकांच्या शासनात केवळ मतांचे प्रतिनिधित्व पुरेसे नाही, व्यक्तींचेही प्रतिनिधित्व झाले पाहिजे. अस्पृश्यांचे हित एखादा सज्जन उच्चवर्णीय मांडील. पण ते अस्पृश्यांनी स्वतः मांडणे ही निराळी गोष्ट आहे, कारण शासनात भाग घेण्याने माणूस घडतो. नागरिकत्वाच्या हक्कांत प्रतिनिधित्वाचा हक्क व राज्याचे अधिकारपद धारण करण्याचा हक्क या दोहोंना त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले. परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला ‘आमच्या वतीने दुसरा’ याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

हा विचार रूसोच्या सिद्धान्ताला खोडून काढीत नाही, दुरुस्त करतो. प्रतिनिधित्व चालेल, मात्र ज्याच्यावर बंधन पडावयाचे तो वर्ग ज्या ठिकाणी ते बंधन ठरते त्या ठिकाणी स्वतः उपस्थित असला पाहिजे. मघाशी पुढे ढकललेल्या आक्षेपाचे उत्तर यात आहे. पाच वर्षांतून एकदा दिलेले मत ही उपस्थिती नव्हे. फार तर ती उपस्थितीची पूर्वतयारी होय.

योगायोग असा की ज्या १९८५ साली वरील निर्णय झाला त्याच साली मुंबईच्या ‘ई’ विभागात, म्हणजे भायखळा, माझगाव, रे रोड या परिसरात, फूटपाथवासीयांची एक गणना झाली. ‘स्पार्क’ या संस्थेने रहिवाशांच्या साहाय्याने सुमारे ६,००० कुटुंबांची माहिती गोळा केली आणि ‘आम्ही अदृश्य’ अशा अर्थाच्या नावाने ती प्रसिद्ध केली. हे लोक कोठून आले, कोणते काम करतात, कामाला पायी जातात की कसे, याची उत्तरे त्यात होती. १९८६ साली याच स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. घर केवढे असावे, बचत कशी करावी, कोठे जाता येईल व कोठे नाही, याचा विचार त्या एकत्र बसून करू लागल्या. पुढे १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसनाच्या धोरणात फूटपाथवासीयांचाही समावेश झाला. या घटनांचा सामाजिक कार्याच्या दृष्टीने गौरव पुष्कळ झाला आहे. राज्यशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळे आहे. ज्यांच्या कृत्याला न्यायालयाने इच्छेविना घडलेले म्हटले त्यांनी त्याच सुमारास आपली ईहा, प्रयत्नाच्या मूळ अर्थाने, घडविण्यास आरंभ केला होता.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. पादचाऱ्यालाही हक्क आहे. वृद्ध माणसाला, शाळेत जाणाऱ्या मुलाला रस्त्याच्या मधून चालावे लागते, त्याचे काय? फूटपाथवासी सभेत बसला तरी बहुमत त्याच्याविरुद्धच जाईल. मग उपस्थितीने काय साधले?

आक्षेपाचा पहिला भाग मान्य आहे. फूटपाथ ही राहण्याची जागा असावी असे या लेखाचे म्हणणे नाही. तेथे राहणाऱ्यांचेही ते नव्हते. दुसऱ्या भागाविषयी मात्र असे म्हणावे लागते की निकाल तोच लागला तरी त्याचे स्वरूप बदलते. ज्याला समष्टीच्या ईहेप्रमाणे वागण्यास भाग पाडले जाते त्याला स्वतंत्र होण्यासच भाग पाडले जाते, हे रूसोचे वचन पुष्कळांना भयावह वाटले आहे, आणि १९५८ साली ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात आयझाया बर्लिन यांनी अशा विचारातील धोका उघड करून दाखविला. ईहा जेव्हा दुसराच कोणी सांगतो तेव्हा तो धोका पुरेपूर खरा असतो. ज्याने विचारविनिमयात भाग घेतला, ज्याच्या म्हणण्याला उत्तर द्यावे लागले, त्याला नंतर त्या निर्णयाचे बंधन घातले तर निदान अंशतः तो स्वतःच्याच निर्णयाने बांधला गेला असे म्हणता येते. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्यावरील बळाला स्वातंत्र्याचे नाव देणे हा शब्दांचा दुरुपयोग होय. बर्लिन यांची टीका सिद्धान्तावर आहे तितकीच, किंबहुना अधिक, ती त्या सिद्धान्ताच्या नावाने बोलणाऱ्यांवर लागू पडते.

हा प्रश्न केवळ फूटपाथवासीयांचा आहे असेही समजू नये. रे रोडच्या पूर्वेकडील मोठा भूभाग बंदराच्या मालकीचा आहे. १८७३ साली विश्वस्त संस्था म्हणून स्थापन झालेले हे बंदर २०२१ च्या कायद्यानंतर प्राधिकरणाच्या मंडळाकडून चालविले जाऊ लागले. त्या जमिनीवर राहणारा माणूस त्या मंडळाच्या सदस्यांना निवडून देत नाही. महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर निवडणूक वर्षानुवर्षे लांबली आणि कारभार प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा करदाता व हमाल दोघेही त्या काळापुरते एकाच पंक्तीत आले. १८८८ च्या सभेत निदान ३६ जण निवडलेले होते.

सारांश, करदात्यांची सभा, संसद, न्यायालय आणि प्रशासक या चौघांनीही आपापल्या काळी समष्टीच्या वतीने निर्णय केले. त्यांपैकी कोणाचा अधिकार मोठा, याविषयी आपले शास्त्र पुष्कळ बोलले आहे. ज्याच्यावर निर्णय पडला तो त्या वेळी कोठे होता, हे विचारण्याची सवय त्याने अद्याप लावून घेतलेली नाही. १९८५ च्या निर्णयाने सुनावणीचे जे तत्त्व सांगितले तेच प्रामाणिकपणे पुढे नेले तर ही सवय लागू शकेल. त्या निर्णयाचा खरा आदर त्याच्या निकालात नसून त्याच्या त्या अर्धवट सोडलेल्या तत्त्वात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.